द्वारपालाची शिकवणी

ओकारी होणं वेगळं आणि खाल्लेलं घशाशी येणं वेगळं, हे मला आधी घरच्यांना शिकवावं लागलं, आणि नंतर असाच एक फरक एका यंत्राला. यंत्राच्या डोक्यात ते लवकर शिरलं.

ओकारीचा मोठा गाजावाजा असतो. आधी मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं, मग पोटाचे स्नायू जोर लावून सगळं बाहेर फेकतात. माझ्या बाबतीत असलं काही व्हायचं नाही. जेवून तासाभराने चपला घालायला वाकले की दुपारची आमटी गुपचूप वर चढायची आणि कोमट, आंबट अशी तोंडात हजर व्हायची. चारचौघांत असले तर गिळून टाकायची आणि बोलत राहायचं. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यात ओटी भरायला वाकले आणि जिलबी परत आली. मी ओठ घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी आणून उभी राहिले, तर सगळ्यांना वाटलं, मामी गहिवरल्या.

मी हेमांगी निकम. साताऱ्यात मारुतीच्या देवळामागे आमचा आखाडा आहे, तिथे मी मुलींना मल्लखांब शिकवते. माझ्या वयाच्या बायका गुडघ्यांना तेल लावतात, मी खांबाला लावते. पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली, तरी रोज सकाळी मी स्वतः खांबावर चढते. ज्या शिक्षिकेचे पाय जमिनीवर, तिचं ऐकून कुठली पोरगी डोकं खाली करणार?

डॉक्टर शाहीन मुजावर आमच्याच गावातल्या. पोटाच्या डॉक्टर. त्यांनी कागदावर एक नळी आणि एक पिशवी काढून मला समजावलं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की ते सैल पडतं, घास गेला की आवळतं. माझं कडं ढिलं झालं होतं, आणि पोटात असलेलं वाट मिळेल तसं माघारी येत होतं. मग त्यांनी सांगितलेलं सगळं मी केलं. थोडं थोडं खाल्लं, रात्रीचं जेवण उजेडी उरकलं, जेवल्यावर तीन तास पाठ टेकली नाही, परकराची नाडी सैल केली. पलंगाची उशाकडची बाजू उंच करायला सांगितली होती, म्हणून आमच्या ह्यांनी दोन पायांखाली विटा लावल्या. मला त्याने बरं वाटलं, पण हे स्वतः रात्रभर घसरत जायचे आणि सकाळी पायथ्याशी गोधडीत गोळा झालेले सापडायचे. गोळ्यांनी छातीतली जळजळ गेली, पण अन्न येतच राहिलं. गोळी आम्ल कमी करते, दार लावत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या ते मला पटलं.

मग एकदा झोपेत ते वर आलं आणि श्वासनलिकेत उतरलं. त्याचा न्यूमोनिया झाला. मी अतिदक्षता विभागात होते आणि माझा मुलगा शंभू पुण्याहून येऊन बाहेरच्या बाकावर बसून होता. त्या दिवसांतलं मला काही आठवत नाही, त्याला सगळं आठवतं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्या वर्षी 'द्वारपाल' नवीनच आला होता. मऊ रबरासारखी एक कडी, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून अन्ननलिकेच्या त्या ढिल्या टोकाभोवती बसवायची. तिच्यात आम्ल ओळखणारे, दाब मोजणारे आणि शरीर उभं आहे की आडवं हे कळणारे बारीक कण असतात. पोटातलं वर यायला लागलं की ती आवळते, घास गिळला की सैलावते. यातली हुशारी पुढे आहे. प्रत्येक माणसाचं अन्न वेगवेगळ्या वेळी वर येतं, कुणाचं वाकल्यावर, कुणाचं निजल्यावर. म्हणून पहिला महिना कडी काहीच करत नाही, नुसती बघते. अन्न कधी परत आलं आणि कधी नाही, यावरून ती त्या माणसाची धोक्याची वेळ शिकते. धोका जितका जास्त, तितकी ती गिळतानाही कमी उघडते.

फॉर्मवर 'पालक' असा एक रकाना होता. तिथे शंभूने स्वतःचं नाव भरलं. ज्याचं मी तोंड पुसलं तो माझा पालक झाला, म्हणून मी त्याला चिडवलं. तो हसला नाही.

जखम भरल्यावर कंपनीने सांगितलं की महिनाभर रोजच्यासारखं जगा. कंपनीच्या वतीने 'मैत्री' बोलायची. ती माणूस नव्हती, पण कुठल्याही माणसापेक्षा गोड बोलायची. मी रोजच्यासारखी जगले. सकाळी उपाशीपोटी आखाडा, मग घर, जेवण, आणि दिवसभर घशाशी आंबट.

महिना संपला, कडी कामाला लागली आणि पहिले काही दिवस मला स्वर्ग दोन बोटं उरला. वाकले तरी काही येईना. मी सगळ्यांच्या चपला उचलून ठेवत सुटले. नंतर एका दुपारी पिठलं-भाकरीचा घास छातीच्या मधोमध येऊन बसला. पाणी प्यायले, तर तेही त्याच्यावर जाऊन बसलं. थोड्या वेळाने सगळं जसंच्या तसं तोंडात परत आलं. दुसऱ्या दिवशी भाताचं तेच झालं. आठवड्याभरात मी ताक आणि पेज यांवर आले, तीही घोट घोट. परकराची नाडी आता दोनदा गुंडाळावी लागत होती.

ह्यांना वाटलं की जुनंच दुखणं परत आलं. डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, आंबट लागतं का? मी विचारात पडले. अजिबात नाही. भाताचं शीतन् शीत अख्खं होतं, आणि चवीला नुसता भात.

"मग हे पोटातून परत येत नाहीये," त्या म्हणाल्या. "हे पोटापर्यंत पोचतच नाहीये."

म्हणजे दार इतकं घट्ट लागलं होतं की येणाऱ्यालाही आत घेत नव्हतं. का, ते त्यांनाही कळेना. त्यांनी कंपनीला कळवलं, आणि कंपनीने कडी ठणठणीत असल्याचं कळवलं.

उत्तर सापडलं ते खांबावर. खरं तर मी तेव्हा चढायला नको होतं, अंगात त्राण नव्हतं. पण मुलींना आढी दाखवायची होती. आढी म्हणजे पायांनी खांबाला विळखा घालून खाली डोकं वर पाय लटकायचं. चक्कर येऊ नये म्हणून मी गालात खडीसाखरेचा खडा धरला होता. लटकल्या लटकल्या मुलींना पायाचा अंगठा कुठे हवा ते सांगत होते आणि बोलण्याच्या नादात खडा गिळला गेला. आता हा अडकणार म्हणून मी श्वास रोखला. खडा सरसर गेला. वर, म्हणजे माझ्या पोटाकडे, लोण्यासारखा गेला.

खाली उतरून मी पाणी मागितलं. घोट छातीत अडकला. पुन्हा वर गेले, एका पोरीला भांडं तोंडाला लावायला सांगितलं. पाणी गटागटा उतरलं. उतरलं म्हणजे चढलं. मुली माझ्याकडे अशा बघत होत्या की मला हसू आवरेना, आणि हसताना लटकून राहणं सोपं नसतं.

डॉक्टरही आधी हसल्या. मग त्यांनी मला समजावलं की यात चमत्कार काहीच नाही. अन्न स्वतःच्या वजनाने पोटात पडत नसतं. अन्ननलिकेचे स्नायू वरून खाली एकामागून एक आवळत जातात आणि घासाला पुढे रेटतात, टूथपेस्टची नळी मागून दाबत आणावी तसं. माणूस उभा असो की लटकलेला, घास पोटाकडेच जातो. प्रश्न एवढाच होता की माझी कडी उलट्या अंगाला उघडत का होती. त्यांनी तिची नोंद पडद्यावर लावली. मी उभी असतानाची रेघ लाल होती, सगळीकडे धोका. लटकलेली असतानाची रेघ हिरवीगार.

"यंत्राच्या मते तुमची सुरक्षित अवस्था ही आहे," डॉक्टर म्हणाल्या. "खाली डोकं."

मी त्या हिरव्या रेघेकडे बघत राहिले आणि मला एकदम उलगडा झाला. आमच्याकडे भरल्या पोटी खांबाला कुणी हात लावत नाही. माझ्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी तेवढंच शिकवलं होतं आणि मीही पहिल्या दिवशी पोरींना तेवढंच शिकवते. चहा प्यायलेली मुलगीसुद्धा त्या दिवशी नुसती बसून राहते. महिनाभर कडीने मला रोज लटकलेलं पाहिलं, आणि पोटात काही नसल्यामुळे एकदाही काही परत आलं नाही. उभी असताना मी जेवत होते, तेव्हा रोज परत आलं. बिचारीने दोन अधिक दोन केले. तिला वाटलं, दोष उभं राहण्याचा. दोष भरल्या पोटाचा आहे हे तिला कळायचं कसं? भरलं पोट आणि खाली डोकं, ही जोडी मी तिला कधी दाखवलीच नव्हती.

डॉक्टरांनी हे सगळं कंपनीला लिहिलं. दुसऱ्या दिवशी मैत्रीचा फोन आला. तिने माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, मला झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटून घेतलं आणि सांगितलं की माझी जीवनशैली द्वारपालाला अनुरूप नाही. उपाय होता. माझं शिक्षण पुसून कडीत सर्वसाधारण माणसाची सवय भरता येईल. सर्वसाधारण माणूस म्हणजे खुर्चीत बसणारा. मात्र त्याबरोबर 'कल कुलूप' घ्यावं लागेल. अंग ठरावीक मर्यादेपलीकडे कललं की कडी गच्च आवळेल, छातीत कळ येईल आणि पालकाच्या फोनवर घंटा वाजेल. ते कुलूप कायमचं. मल्लखांबाचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली की चालणं हा अतिशय उत्तम व्यायाम आहे.

मी नाही म्हटलं. तेव्हा मला कळलं की माझं 'होय' किंवा 'नाही' कुणी मागितलंच नव्हतं. सुरक्षेच्या बाबतीत पालकाची परवानगी पुरते. विचारणा शंभूच्या फोनवर जाऊन पोचली होती आणि रविवारपर्यंत त्याने 'होय' दाबायचं होतं.

माझ्या अंगाची आग आग झाली. माझ्या छातीत काय आवळायचं ते पुण्यात बसून फोनवर ठरणार, आणि विचारायचं कुणाला, तर मला सोडून सगळ्यांना! शंभू शनिवारी घरी आला. तो माझ्या मनगटांकडे बघत होता, ती काटक्यांसारखी झाली होती. मी भांडले. त्याने आवाज चढवला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. तो म्हणाला, आई, प्रश्न साधा आहे, खांब की जेवण. मी म्हटलं, असा प्रश्न तू तुझ्या वडलांना विचारला असतास का, श्वास की पाणी? हे मध्ये पडून म्हणाले की जेवण महत्त्वाचंच आहे. मी त्यांना विटा काढून टाकायला सांगितलं आणि विषय संपवला.

शंभू घाबरला होता. त्या बाकावर बसून माझ्या श्वासाचं यंत्र ऐकत त्याने दिवस काढले होते, आणि तसं पुन्हा व्हायला नको म्हणून तो काहीही दाबायला तयार होता. हे मला कळत होतं, आणि त्याची मायाही कळत होती. पण मायेच्या नावाखाली कुणी माझ्या गळ्याला कुलूप लावणार असेल तर ते मला नको होतं.

मी डॉक्टरांना फोन केला. कडी अजून शिकते का, असं विचारलं. हो, म्हणाल्या, ती शिकायची कधी थांबत नाही, नवं दिसलं की मत बदलते. मग मी माझा बेत सांगितला. भरल्या पोटी खांबावर जायचं, लटकायचं, आणि परत येऊ द्यायचं. रोज. जोवर तिला कळत नाही की दोष पोटाचा आहे, पायांचा नाही. डॉक्टर म्हणाल्या की डोकं खाली असताना परत आलेलं तोंडानाकावाटे बाहेर पडतं, श्वासनलिकेत शिरायची भीती त्या मानाने कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. त्या स्वतः शोषणयंत्र घेऊन खाली उभ्या राहणार, थोडंसं कुस्करलेलं केळं आणि ताक एवढंच, आणि त्या थांब म्हणाल्या की थांबायचं. कंपनीला काय सांगाल, असं मी विचारलं. रुग्ण खांबावर होती आणि मी खांबाखाली, म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी मारुतीसमोर उभी राहिले. त्याला सांगितलं की हा नियम तुझ्या आखाड्याचा आहे आणि आज मी तो मोडणार आहे, रागवायचं तर माझ्यावर रागाव, पोरींवर नको. मुलींना सांगितलं की आज जे दिसेल ते बघा आणि कधीही करू नका. मग खांबाला नमस्कार केला, चढले, आढी घातली आणि डोकं खाली सोडलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की हात एरंडेलाने माखले आहेत. त्या हातांनी केळं खाल्लं असतं तर कडीला वेगळाच धडा मिळाला असता. भरवायला कुणीतरी हवं होतं. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. डॉक्टरांच्या हातात शोषणयंत्राची नळी होती.

तेवढ्यात दारातून शंभू आला, हातात फोन. फोनवर मैत्री त्याला अतिशय सौम्यपणे आठवण करून देत होती की मुदत आज संपते आहे.

"आई, आधी सरळ हो," तो म्हणाला. "मग बोलू."

"मी सरळच आहे. मला तूच उलटा दिसतोयस."

तो जवळ आला. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला, हनुवटी वर आणि डोळे खाली. डोळे भरलेले होते. मला खूप बोलायचं होतं, पण लटकलेल्या माणसाने थोडक्यात बोलावं.

"लहानपणी तू प्रत्येक घासाला तोंड फिरवायचास," मी म्हटलं. "वजन भरत नव्हतं तुझं. डॉक्टरांनी मला घाबरवून सोडलं होतं. पण मी तुझ्या गळ्याला कधी कुलूप लावलं नाही, शंभू. मी थांबले. घास घेऊन बसून राहिले."

फोन पुन्हा बोलला. शंभू त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने अंगठा टेकवला, आणि मला खालून, म्हणजे वरून, दिसलं नाही की कशावर. फोन गप्प झाला. त्याने तो खिशात टाकला, शर्टाला हात पुसले, वाटी उचलली आणि चमचा माझ्या तोंडाशी आणला. त्याने चमचा उलटा धरला आणि पहिलं केळं माझ्या नाकावर सांडलं. दुसरा चमचा बरोबर आला.

मी खाल्लं. इतक्या दिवसांनी पोटात काहीतरी घट्ट पडलं, आणि मी लटकलेल्या अवस्थेत रडले, त्यामुळे पाणी कपाळावरून केसांत गेलं. मग थोडं ताक. मग वाट बघितली. कडी निवांत होती. तिच्या मते ही माझी सर्वांत सुरक्षित अवस्था होती, त्यामुळे दार उघडंच. पोटातलं हलायला लागलं, आंबट झालं, आणि एकदम तोंडानाकावाटे बाहेर आलं. शंभूच्या बुटांवर, आखाड्याच्या मातीवर. नाकात असं झोंबलं की मला उस्ताद आठवले. डॉक्टरांनी नळी लावली, माझी पाठ थोपटली आणि बरोबर आणलेल्या पडद्यावर कडीची नोंद बघितली. हिरव्या रेघेवर एक बारीक लाल ठिपका उमटला होता.

"तिने बघितलं," डॉक्टर म्हणाल्या.

शंभू रजा टाकून राहिला. रोज सकाळी मुलींचा वर्ग सुटल्यावर आमची शिकवणी असायची. तो भरवायचा, मी लटकायचे, परत यायचं, डॉक्टर बघायच्या. आखाड्यात रोज नवी माती टाकावी लागायची. गावभर चर्चा झाली, बाई डोक्यावर पडली म्हणाले काही जण. आयुष्यभर जी गोष्ट मी ओठ मिटून लपवली, ती आता उघड्यावर, पोरींसमोर, मोठ्या आवाजात करत होते, आणि मला तिची लाज वाटेनाशी झाली. हळूहळू लाल ठिपक्यांची रेघ झाली. मग एके दिवशी लटकलेली असताना पोट भरलेलं होतं आणि काहीच परत आलं नाही. कडीने दार लावून घेतलं होतं. डॉक्टरांनी मला खाली उतरवलं, सरळ बसवलं आणि पाण्याचा पेला दिला. पाणी कुठेही न अडता गेलं. भरलं पोट वेगळं आणि कलतं अंग वेगळं, हे तिला कळलं होतं.

त्यानंतर मैत्रीचा फोन आला. आणखी काही जणांच्या कड्या अशाच बिघडल्या होत्या, सगळे योगासनं शिकवणारे. तेही सकाळी उपाशीपोटीच शीर्षासन करतात. माझ्या कडीची नोंद मिळाली तर त्यांची सोय होईल. मी म्हटलं, त्या माणसांना डॉक्टरांकडे पाठवा, डॉक्टर त्यांना सगळं दाखवतील. कंपनीला हवं असेल तर आधी त्या कुलपाची किल्ली ज्याच्या छातीत कडी आहे त्याच्याच हातात द्या. ती म्हणाली की माझा अभिप्राय वरिष्ठांपर्यंत पोचवला जाईल. मी म्हटलं, पोचवा, मी कुठे जात नाही, सकाळी आखाड्यात असते, खाली डोकं करून.

शंभू पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी पिठलं-भाकरी केली. आम्ही तिघं जमिनीवर मांडी घालून बसलो. मी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि सगळ्यांदेखत गिळला. दोघांचेही हात आपापल्या ताटात थांबले होते. घास गेला. मी दुसरा मोडला.

जेवता जेवता शंभूने फोन माझ्यासमोर सरकवला. पालकाच्या रकान्यातून त्याने स्वतःचं नाव काढलं होतं. कंपनी आता विचारत होती की तिथे कुणाचं नाव घालायचं, वडलांचं की आणखी कुणाचं.

मी फोन पालथा घातला.

"रिकामा राहू दे," मी म्हटलं. "आणि तू आधी मला आणखी अर्धी भाकरी वाढ."